यंत्रदोष

"कुठं हाय ती तुमची मशीन? मला तिला दोन गोष्टी इचारायच्या हाईत."

सांगलीच्या गणकयंत्र केंद्राच्या दारात उभं राहून साळूबाई हे इतक्या खड्या आवाजात म्हणाली, की आत कार्डं पंच करणाऱ्या पाचही मुलींचे हात थांबले. बाई साठीची. हिरवं इरकल, काखेत कापडी पिशवी. विट्याकडच्या कुठल्याशा खेड्यातून सकाळच्या पहिल्या एस.टी.नं आलेली. शिपाई आडवा आला तर त्याला हातानंच बाजूला सारून ती म्हणाली, "तू सरक रं. गट हापिसात गेलो तर म्हनत्यात मशीननं काढलंय. कारखान्यावर गेलो तर म्हनत्यात मशीननं काढलंय. म्हनून आता मशीनकडंच आलोय."

राजमती मगदूम उठून बाहेर आली. या केंद्रात प्रोग्रॅम लिहिणारी ती एकटीच होती. एकोणतीस वर्षांची, अंगानं बारीक, पेन कानावर खोचायची सवय असलेली. साळूबाईनं पिशवीतून घामानं मऊ झालेला कागद काढून तिच्यापुढं धरला.

"ह्यो बघ. माझ्या उसाची तोड जानेवारीच्या अखेरीला लागलीया. आन् माझ्या बांधाला बांध लावून ज्याचं रान हाय, त्यानं माझ्यामागनं आठ दिसांनी लागण केली. त्येच्या फडात काल तोडीची टोळी आली. ही कुठली रीत?"

"मावशी, यादी लागणीच्या तारखेवरून निघते. ज्यानं आधी लावला त्याचा आधी तुटतो."

"त्येच तर म्हनतोय मी! माझ्या उसाला तुरा आलाय. हिरीला पानी किती दिस ऱ्हाईल, तर धा दिस. जानेवारीपर्यंत पार पोकळ हुईल त्यो. मग काय चुलीत घालू?"

राजमतीला आधी रागच आला. या यादीवर तिचा फार जीव होता. नदीकाठच्या तीन साखर कारखान्यांनी मिळून हे केंद्र काढलं, मुंबईत कुणीतरी वापरून सोडलेलं यंत्र आणलं, त्याला तीन वर्षं झाली होती. त्याआधी तोडीची यादी दोन म्हातारे कारकून पंचांग पुढ्यात घेऊन महिनाभर बसून करीत. ते काम राजमतीच्या प्रोग्रॅमनं एका दुपारवर आणलं. सलग दोन हंगाम. एकदाही ओळ चुकली नव्हती.

हे यश तिला कुणी ताटात वाढून दिलं नव्हतं. सांगलीच्या कॉलेजातून गणितात बी.एस्सी. झाली तेव्हा वडिलांनी "आता मास्तरीण हो" म्हटलं, आणि ती झाली नाही. केंद्रात आली ती कार्डं पंच करायला. यंत्राच्या खोलीवर मानसिंगराव होते, सातारा तालुक्यातले, फौजेतून निवृत्त झालेले. ही मुलगी नुसती कार्डं पाडत नाही, कार्डावरचं वाचते, हे त्यांनी आठच दिवसांत ओळखलं. पुढं जेवणाच्या सुट्टीत त्यांनी तिला शिकवायला घेतलं. पण यंत्राला सहा महिने हात लावू दिला नाही.

"पैले आप मशीन बनो," ते म्हणायचे. "कागदावर चालत नाही ते लोखंडावर काय चालणार?"

म्हणून ती यंत्र व्हायची. सात-आठ वाट्या मांडायच्या, प्रत्येकीला चिठ्ठी लावायची, आकड्यांऐवजी चिंचोके घालायचे आणि लिहिलेली एकेक ओळ मोठ्यानं वाचत वाट्यांतले चिंचोके हलवायचे. आपल्या मनात काय होतं हे विसरायचं. कागदावर लिहिलंय तेवढंच करायचं. घरी स्वयंपाकघरातल्या फरशीवर ती हे करायची तेव्हा सासू दारातून बघत म्हणायची, "बघा, बी.एस्सी. झालेली सून सागरगोटे खेळतीय." नवरा धन्यकुमार कापडाच्या दुकानातून आला की वाटीला पाय लागू नये म्हणून भिंतीकडेनं चालायचा. तेवढं तरी तो करायचा.

आणि आता ही बाई म्हणत होती की यादी खोटी आहे.

"या आत," राजमती म्हणाली. "तुमच्यासमोरच बघू."

यंत्राच्या खोलीच्या काचेपाशी शिपायानं साळूबाईला चपला काढायला लावल्या. "एवढं सोवळं देवळातबी नसतंय," म्हणत तिनं त्या काढल्या, आणि कपाटाएवढं ते यंत्र काचेतून वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "ह्येला माझं रान ठावं हाय व्हय?"

"त्याला काहीच ठाऊक नाही मावशी. आम्ही सांगतो तेवढंच." राजमतीनं तिचं कार्ड शोधून काढलं, टेबलावर वाट्या मांडल्या आणि आपल्या प्रोग्रॅमचे कागद उघडले. शहाणपणा दाखवायचा नाही, लिहिलंय तेवढंच करायचं. "लागण कधी केली होती तुम्ही?"

"पंचमीला. कारखान्याचा चिटबॉय आला हुता लागण लिवायला, त्याला सांगितलं मी."

"शुद्ध पंचमी. बरोबर, कार्डावर आहे. महिना?"

"सरावण."

"श्रावण. म्हणजे पाच." तिनं वाटीत पाच चिंचोके टाकले. "आता तक्त्यात पाचवी ओळ. श्रावण शुद्ध पाच, म्हणजे एकोणीस ऑगस्ट. एकोणीस ऑगस्टच्या लागणीला—"

"कंचा सरावण?"

"म्हणजे?"

"कंचा सरावण म्हनतोय मी. त्या साली दोन हुतं न्हवं का? मी धोंड्यात लावलाय ऊस. जावई आला हुता धोंड्याचं जेवायला, पल्टनीतनं सुट्टी काढून. त्येच्याच हातनं पैली कांडी लावली. चिटबॉय म्हनला, धोंड्याचं लिवायला जागा न्हाई कागदात, सरावण लिवतो. मी म्हनलं, लिव बाबा."

राजमतीचा हात वाटीवरच राहिला.

मागचं साल, एकोणीसशे सत्त्याहत्तर. अधिक श्रावण. तिच्या तक्त्यात बारा महिने होते, बाराच ओळी. हिच्या लागणीची खरी तारीख एकवीस जुलै. यादीत ती एक महिना मागं गेली होती आणि त्या एका महिन्यात शेकडो फड हिच्यापुढं येऊन बसले होते. दोन हंगाम यादी बरोबर निघाली, कारण त्या दोन हंगामांच्या लागणीत अधिक महिना आलाच नव्हता. तिनं पडताळणी केली होती, जुन्या कारकुनांच्या याद्यांशी ओळ न् ओळ ताडून पाहिली होती; ताडलेल्या त्या याद्यांतही अधिक महिना नव्हता. पण माहेर-सासर दोन्ही घरं जैनांची; तिथं जावयाला धोंड्याचं वाण द्यायची चाल नव्हती. तो महिना तिच्या घरात कधी ताटातच आला नव्हता, मग तिच्या तक्त्यात कुठून येणार? ज्या म्हाताऱ्या कारकुनांना तिनं मनातल्या मनात हसून निरोप दिला, त्यांच्या हातून ही चूक जन्मात झाली नसती. त्यांच्यापुढं पंचांग उघडं असायचं.

"काय झालं गं?" साळूबाईनं विचारलं.

"चूक आहे," राजमती म्हणाली. "तुमचं बरोबर आहे."

त्या दिवशी दुपारपर्यंत तिनं पंचिंगच्या मुलींना कामाला लावून चिटबॉयांच्या मूळ वह्या उपसल्या. कुणी 'अधि.' लिहून खोडलं होतं, कुणी समासात 'धों.' टाकलं होतं. कार्डावर महिन्याला दोनच रकाने, म्हणून मुलींनी ते सोडून दिलं होतं. असे तीनशे शहाऐंशी फड निघाले. आणि ते निघता निघता जे दिसत गेलं त्यानं राजमतीच्या अंगाचा तिळपापड झाला. या तीनशे शहाऐंशींत एकही संचालक नव्हता, एकही सरपंच, एकही बागाईतदार नव्हता. ज्याच्या घरात भिंतीवर कॅलेंडर आणि खिशात डायरी, त्यानं इंग्रजी तारीख सांगितली होती, आणि इंग्रजी तारीख प्रोग्रॅम तशीच घेत होता. तिथी सांगणारे होते ते म्हातारे, बायका, डोंगराकडेचे, कवठे महांकाळकडचे चार-दोन विहीरवाले. साळूबाईसारखे, ज्यांची पोरं सोनं-चांदी गाळायच्या गलाईच्या धंद्याला मद्रास-कोईमतूरला आणि घरात लिहायला कुणी नाही. तिची चूक नेमकी त्यांनाच शोधत गेली होती, जणू कुणी सांगून पाठवल्यासारखी.

व्यवस्थापक आप्पासो निकम यांच्या टेबलावर तिनं ती यादी ठेवली. आप्पासोंनी चष्मा लावला, काढला, पुसला.

"मगदूमबाई, हंगाम चालू झालाय. टोळ्या लागल्यात. आता यादी बदलायची म्हणजे काय पोरखेळ आहे?"

"पंचवीस डिसेंबरपासून पुढची बदलता येईल साहेब. कार्डं दोन दिवसांत नवी पंच होतील. अधिक महिन्याला वेगळा आकडा दिला की—"

"आणि लोकांना काय सांगायचं?"

"चुकलं म्हणून."

"कोणाचं?"

"माझं. माझ्या प्रोग्रॅमचं."

आप्पासो हसले. वाईट माणूस नव्हता तो. सगळ्यांना सांभाळून घेण्यातच त्याची हयात गेली होती. "तुम्ही लहान आहात अजून. असं कोण लिहून देतं? आपण लिहू, 'गणकयंत्रातील तांत्रिक दोषामुळे'. यंत्राला काय, त्याला ना घर ना दार. कुणाच्या पोटावर पाय नाही. शेती अधिकारीही खूश, चेअरमनही खूश."

"पण यंत्रात दोष नाही साहेब! त्यानं मी सांगितलं तसंच केलं."

"ते तुम्हाला न् मला ठाऊक. साळूबाईला काय कळतंय त्यातलं?"

"तिलाच कळलं की! दोन वर्षांत मला नाही कळलं, तुम्हाला नाही कळलं, ते तिनं उभ्या उभ्या विचारलं, कंचा श्रावण म्हणून. महिना झाला, ती बाई गट ऑफिस ते कारखाना, कारखाना ते गट ऑफिस करतीय. प्रत्येकजण तिला सांगतोय मशीननं काढलंय. एका माणसानं, एकानं तरी वही उघडून बघितली का?"

"आवाज खाली, बाई."

"आम्ही मशीन आणली ती काम नीट व्हावं म्हणून, का तिच्यामागं लपता यावं म्हणून?"

पंचिंगच्या खोलीतली खडखड बंद झाली होती. दारात मानसिंगराव येऊन उभे होते. त्यांचा चेहरा लालभडक.

"साब, 'तांत्रिक दोष' काय लिवता?" ते म्हणाले. "तीन वर्षांत एक दिवस बंद न्हाई माझी मशीन. रोज सकाळी मी सोता पुसतो. तिच्यावर आळ घेनार असाल तर माझा राजीनामा घ्या आदी."

"अहो मानसिंगराव, तुमच्यावर कोण—"

"माझ्यावर घ्या हवं तर. मशीनवर न्हाई."

आप्पासोंनी हात जोडले. पण कागद मात्र त्यांनी आपल्याच हातानं लिहायला घेतला, आणि राजमतीला सांगितलं की नवी यादी काढायला परवानगी आहे; खाली सही करायची ती या कागदावर. राजमतीनं कागद वाचला. 'गणकयंत्रातील आकस्मिक तांत्रिक दोषामुळे काही सभासदांच्या तोडणी तारखा बदलण्यात येत असून' वगैरे. सही न करताच ती घरी आली.

घरी पोचेपर्यंत दिवस मावळला होता. मगदुमांकडं दिवस मावळल्यावर कुणी जेवत नसे, त्यामुळं तिच्यापुरती चूल थंडच होती. धन्यकुमारला तिनं सगळं सांगितलं, तर तो म्हणाला, "सही करून टाक की. यादी दुरुस्त होतीय ना? त्या बाईचा ऊस तुटतोय ना? मग शब्दांवरनं एवढं काय?"

"शब्दांवरनं नाही. पुढच्या वेळी अशीच कुणी बाई आली तर तिला पुन्हा यंत्रच दाखवतील."

"आणि तू लिहून दिलंस की चूक माझी, तर पुढच्या वेळी तिला दाखवायला तू असशील का तिथं? काढून टाकतील. सांगलीत दुसरा कॉम्प्युटर कुठंय?"

ती जास्तच चिडली. तीन वर्षं घातली होती तिनं या कामात. सांगली सोडून मुंबईला जायचं म्हटलं तर या घरात भूकंप होणार. केंद्रातून निघाली की खडू-फळा, नाहीतर दुकानात मापं घेणं. नवरा खोटं बोलत नव्हता, हेच तिला सहन होईना.

सासू तांदूळ निवडत बसलेली होती. मान वर न करता म्हणाली, "ते शर्टपीस दोन बोटं कमी फाडलं गेलं होतं मागं, तेव्हा तू गिऱ्हाइकाला काय सांगितलंस रे धन्या? कात्री वाकडी चालली म्हणून?"

"आक्का, ते वेगळं."

"काय वेगळं? मी तिथंच बसले होते. 'माझ्या हातनं गेलं' म्हणालास आणि नवीन फाडून दिलंस. तुझ्या बापाच्या हातनं गेलं असतं तर त्यानंही तेच केलं असतं. हिचंही दुकानच आहे ते." मग तिनं ताट सारलं आणि राजमतीकडं वळून नेहमीच्या सुरात म्हणाली, "आणि उद्या दिवस असताना ये घरी. रोज उपाशी निजायला तू काय व्रत घेतलंयस?"

दुसऱ्या दिवशी राजमतीनं आप्पासोंच्या कागदाऐवजी आपला कागद लिहून दिला. चार ओळी. अधिक महिन्याची तरतूद प्रोग्रॅममध्ये केलेली नव्हती. ती करणं माझं काम होतं. यंत्रात दोष नाही. तीनशे शहाऐंशी फडांच्या तारखा दुरुस्त करीत आहे. खाली पूर्ण नाव. आप्पासोंनी तो घेतला, घडी घातली आणि खणात टाकला. यादीचं काम मात्र थांबवलं नाही. दोन दिवस पाचही मुली मान मोडून बसल्या. राजमतीनं नवा तक्ता केला, आणि या वेळी तपासताना मागचे हंगाम घेतले नाहीत. जुन्या कारकुनांपैकी एकाच्या घरी जाऊन वीस वर्षांची पंचांगं मागून आणली आणि प्रत्येक अधिक महिना वाट्यांतून चालवून पाहिला. मानसिंगराव शेजारी स्टुलावर बसून होते. "आता कसं!" एवढंच ते म्हणाले.

यादी गेली. आठवड्यानं एका रविवारी राजमती विट्याच्या गाडीत बसली. तिथून पुढं दुसरी गाडी, मग पाऊण कोस चाल. तिला कुणी बोलावलं नव्हतं. घरात तिनं नुसतं "जाऊन येते" म्हटलं होतं.

गट ऑफिसच्या भिंतीवर नवी यादी डकवलेली होती आणि तिच्या डोक्यावर आप्पासोंचा कागद. 'गणकयंत्रातील आकस्मिक तांत्रिक दोषामुळे.' खाली केंद्राचा शिक्का. समोरच्या कट्ट्यावर सात-आठ माणसं बसली होती.

"मशीन बिगडली हुती म्हनं," एकजण दुसऱ्याला सांगत होता. "उंदीर शिरला आसंल."

"आता नीट झाली न्हवं? मग काय तर."

राजमतीनं कानावरचं पेन काढलं. टाचा उंच करून त्या ओळीवर एक सरळ रेघ मारली आणि वर लिहिलं, 'चूक प्रोग्रॅममध्ये होती. तो मी लिहिला. रा. ध. मगदूम.' गट ऑफिसचा कारकून धावत बाहेर आला.

"आवं बाई, सरकारी कागद हाय त्यो!"

"सरकारी नाही, आमचाच आहे. मीच खोडला म्हणून कळवा. नाव लिहिलंय."

कट्ट्यावरची माणसं उठून जवळ आली. तिनं त्यांना सांगितलं. दोन श्रावण, बारा ओळी, सगळं. कुणी हसलं नाही. कुणी शाबासकीही दिली नाही. एक म्हातारा म्हणाला, "म्हंजी बाईनं केलं आन् मशीनच्या अंगावर ढकललं." ती म्हणाली, "हो. तसंच."

साळूबाईचा फड तोडायला टोळी लागली होती. राजमती बांधावर गेली तेव्हा साळूबाईनं एक ऊस उचलून गुडघ्यावर मोडला आणि तिच्या नाकापुढं धरला. मधोमध कापसासारखी पांढरी पोकळी पडली होती.

"बघ. म्हैना आदी आली आसतीस तर ह्यो दगडागत जड हुता. आता ह्येचं काय करनार तू?"

"काही करता येत नाही मावशी. झालं ते झालं. ते माझ्यामुळं झालं एवढं सांगायला आले."

"सांगून माझं वजन भरून येतंय व्हय?"

"नाही."

साळूबाईनं ऊस टाकून दिला. तिचा राग गेला नव्हता, आणि तो जावा असं राजमतीलाही वाटलं नाही. तो राग तिच्या ओळखीचा होता. गेले पंधरा दिवस तोच तिच्या पोटात होता.

"एक इचारू?" साळूबाई म्हणाली. "त्या पलीकडच्या वस्तीवरल्या लोकांनी तिथीबी सांगितली न्हाई. नक्षत्र सांगितलं त्येंनी. मघात लावला म्हनून. पुष्यात लावला म्हनून. त्येचं काय केलंसा तुमी?"

राजमतीला ते ठाऊकच नव्हतं. कार्डावर नक्षत्र नव्हतं. म्हणजे चिटबॉयनं मनानं काहीतरी तारीख घातली असणार, आणि ती कार्डं केंद्रात बिनबोभाट सगळ्या तपासणीतून पार झाली असणार.

"किती घरं आहेत ती?"

"पंधरा-वीस आसतील."

"मला घेऊन चला तिकडं."

"आता? उन्हाचं?"

"आताच. दिवस आहे तोवर."

साळूबाईनं टोळीच्या मुकादमाला ओरडून काही सांगितलं आणि पदर खोचून पुढं निघाली. वस्तीवरच्या पहिल्याच अंगणात राजमती जमिनीवर बसली, मांडीवर वही उघडली. घरमालक तिच्याकडं संशयानं पाहत लांब उभा राहिला.

"ही सांगलीची हाय," साळूबाईनं त्याला सांगितलं. "यादी करती. तुजी लागण कवाची ती नीट सांग हिला. नुसतं मघा म्हनू नगंस. पानी कितवं हुतं, पोळा आदी का मागनं, समदं सांग." मग ती राजमतीकडं वळली. "आन् तू लिव. लिवलंस की त्येला वाचून दाखव."

राजमतीनं लिहिलं, आणि वाचून दाखवलं. माणूस ऐकत राहिला, मग मान हलवत म्हणाला, "न्हाई, आसं न्हवं." तिनं ती ओळ खोडली आणि पुन्हा विचारलं.